तिच्या नावाच्या बाया

त्या दुपारी आम्ही दोघं वर्सोव्याला आमच्या अंगणात सुके बोंबील बांधायला बसलो होतो. गिऱ्हाइकाला बांधून द्यायला रद्दीचे पेपर आणायचे, पण बायको आधी पेपर वाचणार, मग त्यात बोंबील गुंडाळणार. एकदम ओरडली, "म्हाताऱ्या, आणखी एक गावली बघ."

गावली म्हणजे तिच्या नावाची बाई. माहेरच्या नावाची. पेपरात तशी कोणी मोठी बाई दिसली की ही कापून वहीत चिकटवायची. एक राणी, तिने म्हणे घाटात तळं खोदलं. एक संतबाई, चारच अभंग मागे उरलेली. एक जुन्या काळची डॉक्टरीण, नऊवारीत, गळ्यात ती नळी. एक बर्फाचा डोंगर चढलेली पोरगी. आज गावली ती वजन उचलणारी, गळ्यात मेडल. मीपण हातातले बोंबील टाकून बघायला गेलो. मी दुसरीपर्यंत शिकलेला, पण त्या बायांचं मलाच जास्त येड. राणी कुठं, ही पोरगी कुठं, मधे किती राजे मेले, आणि एक हाक मारली तर दोघी वळून बघतील. झकास वाटायचं.

ती स्वतः मात्र त्या नावाची राहिली नव्हती. चूक माझी. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. घरच्यांनी ठरवलेलं नाव मला लिहिता येईना. अक्षरं यायची ती फक्त आमच्या होडीवरची, दरवर्षी रंग देताना गिरवलेली. तीच लिहिली. लोक हसले, आणि नाव तेच पडलं. सगळा कोळीवाडा जन्मभर तिला होडीच्या नावाने हाक मारत आला.

"माझं नाव कुठं छापून आलं ना, तर खरं, माहेरचं लाव," ती म्हणाली.

"तू काय केलंस छापून यायला?"

"मरेन की. नाक्यावरच्या फळ्यावर तरी येईल."

दोघं हसलो. वजनवालीला वहीत चिकटवून ती चहा ठेवायला उठली. ओट्याशी खाली बसली, ती परत उठलीच नाय.

लेक गावाहून यायची होती, म्हणून बायकोला सकाळपर्यंत घरातच ठेवली. उजाडल्यावर वही काखेत मारून नाक्यावर गेलो. कोण वारलं ते तिथल्या फळ्यावर खडूने लिहितात. मंडळाचा लिहिणारा होडीचं नाव काढत होता.

"पूस ते," म्हणालो. "खडू दे इकडे."

राणीच्या कात्रणावर नाव मोठ्या अक्षरात होतं. वही समोर धरून एकेक अक्षर बघत काढलं.

डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक मावरंवाली थांबली. "कोण गेली ओ? या नावाची तर आपल्यात कोणी नाय."

"होती," म्हणालो. "माझी बायको."

शेवटचं अक्षर वाकडं आलेलं. ते पुसलं आणि परत लिहिलं.