हत्तीची जागा

आमच्या भीमपूरच्या शाळेची भिंत रंगवायला आलेला पेंटर प्रत्येक चित्राचे डोळे शेवटी काढायचा. मी त्याला पुस्तकातले प्राचीन इजिप्तचे देव दाखवले. कोणाला ससाण्याचं डोकं, कोणाला कोल्ह्याचं.

"यात हत्ती काऊन नाही, सर?"

"आधी तिथं हत्तीलेबी माणसासारखं कापडात गुंडाळून पुरत. मग तिकडचे हत्तीच संपले."

त्यानं देवांच्या रांगेत मधेच रुंद जागा कोरी ठेवली. "नाही सोडली त तो उभा कुठं राहीन?"

शेवटच्या दिवशी सगळ्या देवांचे डोळे काढून झाल्यावर त्यानं त्या कोऱ्या जागेवर कोरडा ब्रश दोनदा टेकवला आणि निघून गेला.

थंडीत मी रोज भिंतीला हात लावतो. सगळी गार असते. तेवढी जागा जनावराच्या पोटासारखी कोमट लागते.