खरचुडी कुणी खाल्ली?

मला लिहायला बसवलंय नातीनं. चौथी नापास माणसाच्या हातात पेन देऊन म्हणती, "आबा, माळावरचं सगळं लिहा." किस्से मेंढराच्या लोकरीगत असतात. कातरले न्हाईत तर ओझं होतं. म्हणून लिहितो. शुद्धलेखन बघायचं न्हाई!

*

आमचा माळ सातारा-सांगलीच्या शिवेवर. रस्ता अन् पवनचक्क्यांनी त्याचे चार तुकडे झाले. एकदा मोठे साहेब झाडं लावायला जागा बघायला आले. म्हणाले, "मोकळाच आहे की हा!" तासभर फिरून गाडीत बसले, तर पायमोजे, पॅंट सगळं कुसळांनी भरलेलं.

मी म्हणलं, "मोकळा माळ निम्मा घेऊन चाललाय, साहेब!"

*

मग सांगलीच्या कॉलेजातल्या मॅडम आल्या. दोरीचा चौकोन टाकून आतली झाडं मोजायच्या.

"आबा, हे कोणतं गवत?"

"मेंढी खाती ते."

"आणि हे?"

"मेंढी खात न्हाई ते."

मॅडमनी दोन्ही लिहून घेतली!

*

एक दिवस त्या एका वेलापुढं गुडघ्यावर बसल्या. कंदिलासारखं फूल. "आबा, खरचुडी! अख्ख्या माळावर ही एकच उरलीय."

"व्हय. कंद लय गोड लागतो."

मॅडमचा चेहरा उतरला. "तुम्ही खाल्लाय?"

"बाई, तवा ती दुर्मीळ नव्हती!"

*

हे माळाच्या गार्डानं, सर्जेरावनं ऐकलं. उन्हाळ्यात वेल दिसंना झाला, तवा भर पारावर ओरडला, "म्हाताऱ्यानंच खाल्ली! उद्यापासनं मेंढरं माळावर बंद!"

"आरं, कंद जमिनीत झोपलाय. पावसाळ्यात उठंल."

"झाड झोपतंय व्हय?"

सगळे हसले. चाळीस मेंढरं अन् चारायला जागा न्हाई. मॅडम गावाला गेलेल्या. घरी बायको हळूच म्हणती, "आवं, खाल्ली आसंल तर सांगा की एकदाची!"

*

मेंढरं चोरून चारताना मला रंगेहात धरायला सर्जेरावनं माळावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. पाऊस पडला तरी हलवली न्हाई. रोज तिच्यात बसायचा अन् घोरायचा.

श्रावणात मॅडम आल्या. मला बोलावलं. खरचुडी हुडकत हुडकत खुर्चीपाशी आलो अन् मॅडम थांबल्या. खाली वाकल्या, मग वर बघितलं.

"सर्जेराव," त्या हळूच म्हणाल्या, "उठा. पण हलू नका!"

वेल खुर्चीच्या पायावरनं पाठीवर चढलेला. सर्जेरावच्या कानाशेजारी फूल.

मी तिथंच गवतात बसलो. सांजच्याला मेंढरं माळावर सोडली. त्या रात्री लय दिवसांनी झोप लागली.

गावात आता गार्ड सांगत फिरतोय, "खरचुडी मीच राखली!" माफीचं काय रं, सर्जेराव?