कुणी राहत नव्हतं म्हणे

नातीला शाळेत एका स्पॅनिश सरदारावर बोलायचं होतं. तो जहाजातून दूर देशी गेला, मुलूख जिंकला आणि तिथं शहर वसवलं. मागच्या वेळी ती वर्गासमोर उभी राहिली आणि रडत खाली बसली होती. बुजरेपणात ती माझ्यावरच गेली आहे. म्हणून पंधरा दिवस घरात तेच पाठांतर चालू होतं. ऐकून ऐकून मलाही ते इंग्रजी तोंडपाठ झालं.

आदल्या दिवशी मी तिला पुठ्ठ्यावर कणकेचं शहर करून देत होते. ती म्हणाली, "आजी, घरं सरळ लाइनमध्ये हं. त्याने आधी दोरी धरून खुंट्या ठोकल्या होत्या."

माझा हात थांबला. धरणासाठी आमचं गाव उठवलं, तेव्हा साहेबांनी आमच्या नव्या घरांसाठी माळावर अशाच खुंट्या ठोकल्या होत्या. त्या माळावर शाळा नव्हती. माझी चौथीतच सुटली. हे मी तिला सांगितलं आणि विचारलं, "तुझ्या शहराच्या जागी आधी कोण राहायचं?"

"नोबडी. एम्प्टी होतं."

"मग मुलूख जिंकला कुणाकडून?"

तिचे डोळे भरले. "आजी, स्टॉप! मी सगळं विसरेन ना!"

मुलगा तेवढ्यात हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आला होता. "आई, उद्या तिला बोलायचंय. आजच कशाला हे काढलंस?"

मी पुन्हा कणकेची घरं सरळ ओळीत लावू लागले.

दुसऱ्या दिवशी मुलाची आणि सुनेची दोघांचीही ड्यूटी, म्हणून मीच शाळेत गेले. मागे एका बुटक्या खुर्चीवर बसले. ती बोलू लागली. मी मनात तिच्याबरोबर एकेक वाक्य म्हणत होते. कुणी राहत नव्हतं, हे वाक्य आलं आणि ती अडकली. बाई हसून वाट बघत होत्या. कुणीतरी खुसखुसलं. आता ही रडणार, आणि माझ्यामुळे. तिने माझ्याकडे पाहिलं. मला मान हलवायचंसुद्धा धाडस झालं नाही.

"द बुक सेज नोबडी लिव्ह्ड देअर," ती म्हणाली. "बट आय डोन्ट नो." आणि कापऱ्या आवाजात शेवटपर्यंत बोलून गेली.

घरी येताना तिने माझा हात धरला नाही. चर्चच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली,

"यू रुइन्ड माय लाइन, आजी."

"हो गं."

बरंच पुढे गेल्यावर तिने विचारलं, "घर पाण्यात गेलं तेव्हा तुम्ही काय नेलं?"

"दार. चौकटीसकट."

"जस्ट द डोअर?"

"भिंती मातीच्या होत्या," मी म्हणाले. "त्या कशा नेणार?"