ऑर्फाकाकू चकित झाल्याच नाहीत

आमच्या शेजारच्या ऑर्फाकाकू चकित झाल्या की अख्ख्या गल्लीला कळतं. केक छान फुगला की "माय स्टार्स!", तेही ‘स्टा’वर सूर लांबवून. कुणाचं लग्न ठरलं की "हेवन्स टू बेट्सी!" आणि हात छातीवर. ही बेट्सी कोण, हे आमच्या आयोवात कुणालाच ठाऊक नाही. गारांनी गाडीची काच फुटली तेव्हा "ग्रेट स्कॉट!" देवाचं नाव उगाच तोंडी आणायचं नाही, ही त्यांच्या मेथडिस्ट पंथातल्या आईची शिकवण, म्हणून तारे, बेट्सी, स्कॉट असल्यांवर भागवतात. मी हे सगळं हुबेहूब करते. चर्चच्या जेवणात मला फर्माइशी येतात.

म्हणूनच शनिवारी काकूंचे यजमान, हार्लनकाका, मला कुंपणाशी गाठून म्हणाले, "तिच्या नकला करतेस ना? मग सांग. सकाळी मी म्हटलं, घर विकू, ॲरिझोनाच्या उन्हात, लेकीजवळ जाऊ. तर म्हणाली, ‘बरं.’"

"नुसतं बरं?"

"नुसतं! आणि टोस्टला लोणी लावत बसली. हे ‘हो’ झालं की ‘नाही’?" त्यांच्या बगलेत ‘घर विकणे आहे’ची पाटी होती. "ठोकू का ही?"

मला काय ठाऊक! चमचा पडला तरी किंचाळणारी बाई ती! मी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांच्याच आवाजात ओरडले, "ग्रेट स्कॉट, काकू! ॲरिझोना?"

त्यांचं वाटाणे सोलणं काही थांबलं नाही. "आगाऊ कार्टे, ते लोकांसाठी असतं. कुणी हौसेनं बातमी आणली आणि आपण थंड बसलो, तर बरं दिसतं का? हार्लन काय पाहुणा आहे?"

"म्हणजे तुम्हाला आश्चर्य वाटलंच नाही?"

"हिवाळाभर घरात उन्हाळी टोपी घालून बसलाय तो. कसलं आश्चर्य!"

"मग जाणार?"

"त्यानं मला विचारलंय कुठे? नुसतं सांगितलंय."

हे मी बाहेर येऊन आवाजासकट काकांना ऐकवलं. ते आणखीच गोंधळले. शेवटी दारात जाऊन म्हणाले, "ऑर्फा, जायचं का गं?"

आत वाटाण्यांचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू बाहेर आल्या आणि इतक्या हळू बोलल्या की मला त्यांचा आवाजच ओळखू येईना. "मला माहीत नाही, हार्लन. लेक हवी, आणि हे घरही हवं."

"मग पाटीचं काय करू?"

"धर जरा," म्हणत त्या पायरीवर बसल्या. काकाही पाटी मांडीवर घेऊन शेजारी टेकले. मी निघू की थांबू, मलाही कळेना.