मठपती बाईंची दुसरी परीक्षा

मंगल मठपती बाई गेल्याची बातमी मला पाऊण तास उशिरा कळली. नायगावच्या आमच्या विशेष मुलांच्या शाळेत मी एका मुलीबरोबर खेळाच्या खोलीत बसलो होतो आणि फोन नेहमीसारखा बाहेर, शाळेतल्या मावशींपाशी होता. बाहेर आलो तर बाईंच्या सूनबाई वैशाली यांचे सात मिस्ड कॉल. "सर, दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या त्या... उठल्याच नाहीत." माझा चेहरा बघून मावशी ओशाळल्या. म्हणाल्या, "लई वेळ वाजून राहिला होता फोन. पण तुमीच म्हणता, आत लेकरू असलं की हाक मारायची न्हाई." मावशींचं काही चुकलं नव्हतं. हा नियम मला बाईंनीच लावून दिला होता. त्या दिवशी उदगीरला बाईंच्या घरी पोचायला मला अंधार झाला, पण माझ्यासमोरच्या मुलीचा खेळ पुरा झाला होता, आणि बाईंना एवढंच पुरेसं वाटलं असतं.

आमची ओळख लातूरची, शहराला रेल्वेनं पाणी यायचं त्या वर्षाची. प्ले थेरपीचा, म्हणजे खेळातून मुलांवर उपचार करण्याचा, वर्षभराचा अभ्यासक्रम तिथल्या एका संस्थेत पहिल्यांदाच सुरू झाला होता. शनिवार-रविवार वर्ग, पुण्याहून येणाऱ्या मार्गदर्शक मॅडम आणि आम्ही चौदा शिकाऊ. पिण्याचं पाणी ज्याचं त्यानं घरून आणावं, अशी पहिलीच सूचना होती. बाई उदगीरहून एसटीनं आल्या. पन्नाशीच्या, कपाळावर विभूतीची आडवी रेघ, एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात शंभर पानी वही. आम्ही बाकीचे कुणी मानसशास्त्राचे पदवीधर, कुणी माझ्यासारखे विशेष शिक्षक. बाईंनी पंचवीस वर्षं बालवाडी चालवलेली. त्यांना प्रवेश कसा मिळाला याचं आम्हाला नवल वाटत होतं, आणि ते आमच्या तोंडावर दिसतही असावं.

प्रत्येकानं इथं का आलो ते सांगायचं होतं. आम्ही ठरावीक, छान छान बोललो. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बालवाडीत एक पोरगी होती, रेवती. दिवसभर बाकाखाली बसायची, स्वतःशीच हलत राहायची. बोलायची न्हाई, कुणाला हात लावू द्यायची न्हाई. मी तिच्या आईला सांगितलं, हिला घरीच ठेवा. माझ्या तोंडानं सांगितलं. आता ती बारा वर्षांची हाय, अजून घरीच हाय. मला तिच्याबरोबर काय करायला पाहिजे होतं, ते शिकायचंय." एवढं बोलून त्या खाली बसल्या. त्यानंतर त्यांच्या प्रवेशाबद्दल कुणाच्या मनात काही उरलं नाही.

सगळं शिकवणं इंग्रजीतून. जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली बसून मी बाईंना टिपणांचा अर्थ सांगायचो, आणि त्या तो आपल्या भाषेत वहीत उतरवायच्या. पानभर तांत्रिक मजकुराचं त्यांच्या हातून एका ओळीत काय व्हायचं, ते बघण्यासारखं असे. 'लेकरू खेळतंय तेच बोलायचं, पुढचं बोलायचं न्हाई.' 'बाहुली फेकली तर फेकली म्हणायचं, का फेकली ते विचारायचं न्हाई.' माझ्यासारख्या दाढीमिशीवाल्या बाप्याला बाहुलीला भात भरवताना लाज वाटायची, तर म्हणाल्या, "दत्ता, लाजायचं तर घरी जाऊन लाज. इथं लेकराला तुझी गरज हाय."

पण लिहिणं वेगळं आणि करणं वेगळं. सरावासाठी बाईंच्या वाट्याला शिफा आली होती. सहा वर्षांची, स्वमग्न, एक शब्द न बोलणारी. तिची आई शबाना तिला कडेवर घेऊनच यायची, कारण रस्त्यात टँकरचा हॉर्न वाजला की शिफा जिथं असेल तिथं खाली पडून किंचाळायची. "बाई, इसकू टँकर की आवाज सहन नै होती," शबाना सांगायची. "और पानी तो टँकरसेच आता." पहिल्या परीक्षेला मॅडम शेजारच्या खोलीत, एकाच बाजूनं दिसणाऱ्या काचेआड बसल्या होत्या. शिफानं लाल ठोकळा उचलला आणि बाईंच्या तोंडून पंचवीस वर्षांची सवय निघून गेली. "हा कोणता रंग? लाल. म्हण, लाल." शिफानं ठोकळा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. उरलेला वेळ ती वळलीच नाही. मॅडमचा शेरा आला, 'अजून तयार नाहीत.' बाईंनी तो दोनदा वाचला. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाल्या, "शिकवणं सोडून दे म्हणतात रे मला. ते सोडलं तर मी उरते किती?" दुष्काळ वाढत चालला होता, उन्हाळ्यात वर्ग बंद ठेवायचं घाटत होतं, आणि बाई पुढच्या शनिवारी यायच्या नाहीत असं मी धरून चाललो होतो.

त्या आल्या. येताना एसटीतून वाळूचं एक पोतं घेऊन आल्या. खेळाच्या खोलीत मुलांसाठी पाण्याचं मोठं घमेलं असतं, ते आमच्याकडे कित्येक आठवडे कोरडं पडलं होतं. बाई म्हणाल्या, "पाणी न्हाई म्हणून खेळ थांबवायचा का? नदीत वाळू उघडी पडलीय, ती तर कुणी रेशनवर देत न्हाई." चाळून, धुवायला पाणी नव्हतं म्हणून उन्हात तापवून, ती त्यांनी घमेल्यात भरली. शिफानं त्यात हात घातला आणि पहिल्यांदाच अर्धा तास एका जागी बसली. पुढच्या आठवड्यांत तिनं वाळूत भातुकलीच्या घागरी ओळीनं मांडल्या, आडव्या पाडल्या, परत मांडल्या. एक दिवस खेळण्यातला ट्रक घेतला आणि वाळूत पार पुरून टाकला. बाई बाजूला मांडी घालून बसायच्या, ओठ घट्ट मिटलेले, पदराचं टोक मुठीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "ट्रक खाली गेला." शिफानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं... आणि पुन्हा वाळू लोटू लागली.

दुसरी परीक्षा एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी होती. काचेआड मॅडम, मी आणि शबाना. खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात संस्थेच्या फाटकाशी खराखुरा टँकर येऊन उभा राहिला आणि त्यानं हॉर्न दाबून धरला. शिफा किंचाळत कोपऱ्यात गेली, गुडघ्यात डोकं घालून, कानांवर हात. शबाना उठून दाराकडे निघाली. मॅडमनी तिचा हात धरला. मी मनात म्हटलं, संपलं. आता बाई तिला उचलणार, 'घाबरू नको राजा' म्हणणार, आणि याही वेळी नापास होणार. बाईंनी स्वतःचे दोन्ही हात आपल्या कानांवर ठेवले. जागच्या हलल्या नाहीत. हॉर्न थांबल्यावर हळूच म्हणाल्या, "लई मोठा आवाज हाय." मग गप्प. एक मिनिट, दोन मिनिटं... शिफानं डोकं वर काढलं. सरपटत घमेल्यापाशी आली, वाळूत कोपरापर्यंत हात घालून ट्रक बाहेर काढला, तो बाईंच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "पोंऽऽ".

बाईंनी झटकन कान झाकले. शिफा हसली. पुन्हा "पोंऽऽ", पुन्हा बाईंचे हात कानांवर. सात-आठ वेळा झालं असेल. आता हॉर्न शिफाच्या हातात होता, वाजवायचा कधी आणि थांबवायचा कधी ते ती ठरवत होती, आणि घाबरायचं काम बाईंकडे होतं. शबाना काचेला कपाळ लावून रडत होती आणि हसतही होती. म्हणत होती, "बोली... मेरी शिफा बोली." मॅडमनी शेऱ्याच्या कागदावर 'तयार आहेत' एवढंच लिहून तो बाजूला ठेवला, बाहेर येऊन बाईंची ती शंभर पानी वही मागून घेतली आणि तिथंच उभ्या राहून वाचली. पुढच्या वर्षीचे वर्ग मराठीतून झाले, ते त्या वहीवरून. त्यानंतर पंधराएक दिवसांनी शिफा आपल्या पायांनी चालत वर्गाला आली. वाटेत टँकर लागला तेव्हा तिनं कान झाकले आणि चालत राहिली.

उदगीरला तेव्हा नव्या जिल्ह्याची चर्चा जोरात होती. जिल्हा झाला की मोठा दवाखाना येईल, मुलांसाठी केंद्र येईल, असं प्रत्येकजण सांगायचा. बाई म्हणाल्या, "जिल्हा होईल तवा होईल. लेकरांना खोली आज लागते." त्यांचे पती बसवराजअप्पा यांचं धान्याचं दुकान होतं. दुकानामागचं गोदाम बाईंनी मागून घेतलं, पोती हलवली, भिंतींना चुना लावला. खोली तयार झाल्यावर सगळ्यात आधी त्या रेवतीच्या घरी गेल्या. तिच्या आईसमोर हात जोडून म्हणाल्या, "मी हिला घरी पाठवलं होतं. आता मीच न्यायला आले." रेवतीची आई आत गेली. पोरीची चप्पल घेऊन आली आणि ती दारात ठेवली. रेवती त्या खोलीत चार वर्षं गेली. ती बोलली नाही, फारसं बोलणं तिला कधी जमलं नाही. पण ती गाणं गुणगुणायला लागली, आईच्या मांडीवर डोकं ठेवायला लागली, आणि आज त्याच खोलीत लहान मुलांची खेळणी पुसून जागेवर लावायचं काम तिचं आहे. त्यात कुणी ढवळाढवळ केलेली तिला चालत नाही.

बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या बायका आज देगलूरपासून माहूरपर्यंत मुलांबरोबर बसतात. शिकायला येणाऱ्या बायकांची नवी तुकडी बाई गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात सुरू व्हायची होती. पुढं ढकलावी, असं मी सुचवलं. अप्पा म्हणाले, "ढकलली तर ती मला घरात घेईल का?" बाई नाहीत हे ते त्या क्षणी विसरले होते. तुकडी ठरल्या दिवशी सुरू झाली. पहिला वर्ग बाईंच्याच हाताखाली शिकलेल्या त्यांच्या सुनेनं, वैशालीनं घेतला, मी मदतीला होतो. नऊ जणी आल्या. त्यातली एक, इस्त्रीची साडी नेसलेली शिक्षिका, दारातच थांबून खोलीभर नजर फिरवत म्हणाली, "इथं खुर्ची न्हाई का?" वैशाली म्हणाली, "न्हाई. आमच्या बाईंनी या खोलीत खुर्ची येऊच दिली न्हाई. लेकरू जिथं बसतं, तिथंच बसायचं." शिक्षिकेनं एकदा साडीकडे बघितलं, एकदा फरशीकडे. मग निऱ्या सावरल्या आणि खाली बसली. तिच्यामागून बाकीच्या आठजणीही बसल्या, आणि वर्ग सुरू झाला.