गोलकीपरचा पगार

आमची लेक हॉकीची गोलकीपर. रायस्वाइक ह्या आमच्या डच गावातल्या क्लबात लहानपणापासून खेळतेय. इथे कॉलेजच्या टीमची वगैरे भानगड नसते. खेळायचं तर क्लबात, तेही वर्गणी भरून, आणि वर आपला नंबर आला की क्लबच्या कॅन्टीनमध्ये उभं राहून दुसऱ्यांना कॉफी द्यायची. आपल्याकडे पहिल्या टीमच्या गोलकीपरला कप विसळायला लावलं असतं का कोणी? इथे लावतात, आणि तिलाही त्यात काही वाटत नाही. सुपरमार्केटात दुधाची खोकी रचायचे तिला तासावर पैसे मिळायचे. अंगावर चेंडू झेलायचे मात्र छदामही नाही.

मागच्या वर्षी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचबाईंनी तिचे व्हिडिओ पाहिले आणि बोलावणं धाडलं. फी माफ, राहणं-जेवण त्यांचं, बदल्यात डिग्री होईपर्यंत त्यांच्या गोलपोस्टमध्ये उभं राहायचं. पोरगी हवेतच. तिला जायचंच होतं, फक्त आम्ही दोघांनी हो म्हणायचं बाकी होतं.

व्हिडिओ कॉलला आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. तिकडची कॉलेजं आता खेळाडूंना पैसेही देऊ लागलीत असं मी वाचलं होतं, म्हणून विचारलं. कोचबाई म्हणाल्या, हो, आमच्या मुलींना थोडेफार मिळतील, पण तुमच्या मुलीला नाही. ती परदेशी विद्यार्थिनी, तिच्या व्हिसात ते बसत नाही.

म्हणजे दोघी एकाच टीमकडून खेळणार, एकीला पगार आणि दुसरीला टाळ्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली. कॉल संपल्या संपल्या मी नवऱ्याला म्हटलं, "हे काय रे? तिकिटं विकणार, टीव्हीवर दाखवणार, आणि हिने फुकट राबायचं?"

नवरा झुइडासला, बँका-ऑफिसांच्या भागात, एका बँकेच्या आयटीत आहे. आवाज न चढवता मुद्दा मांडायची त्याला सवय. "फुकट कुठे? शिकवतायत, राहायला जागा देतायत, खायला घालतायत. आणखी काय पाहिजे माणसाला?"

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. लेक व्हायच्या आधी काही वर्षं आम्ही अमेरिकेत होतो. तो नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून. पुण्यात मी चांगली आर्किटेक्ट होते. तिकडे मला कमवायलाच बंदी. एका ऑफिसाने काम देऊ केलं आणि व्हिसा पाहून हात जोडले. घरी येऊन मी ढसाढसा रडले, तेव्हा नवरा म्हणाला होता, "घर आहे, गाडी आहे, खायला-प्यायला आहे. आणखी काय पाहिजे तुला?" तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. मग आम्ही इकडे आलो, इथे बायकोलाही काम करता येतं, मला नोकरी लागली आणि तो विषय घरात बंद झाला.

"हेच तू मला म्हणाला होतास," मी म्हटलं. "अगदी ह्याच शब्दांत."

लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत येतात. तिने बापाला इंग्रजीत विचारलं, मग आईला तेवढं पुरलं होतं का?

त्याने माझ्याकडे पाहिलं. हो म्हण, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. लेकीच्याही. मी हो म्हटलं असतं तर ती त्याच आठवड्यात बॅग भरायला लागली असती. आणि तिने जावं असं मलाही वाटत होतं. अगं बाई, केवढं ते कॉलेज, केवढं मैदान!

"नाही," मी म्हणाले. "एक दिवसही नाही."

ती गेली नाही. कोचबाईंना तिने स्वतःच कळवलं, मग खोलीत जाऊन भरपूर रडली आणि कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आता इथल्याच एनस्खेडे शहरात इंजिनिअरिंग शिकते आणि तिथल्या क्लबात वर्गणी भरून खेळते. जायला हवं होतं तिने, असं मला अजून अधूनमधून वाटतं.

नवरा त्यानंतर एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला, "तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

"सांगितलं होतं की," मी म्हटलं. "रडत होते ना तुझ्यासमोर."