हिंगूळ की गेरू : मस्कतमधला एक निकाल

२०१६ साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून मस्कतला निघालो, तेव्हा माझ्या पेटीत केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं एक यंत्र होतं. ते रंगावर टेकवलं की क्ष-किरण सोडतं आणि रंगात कोणते धातू आहेत ते सांगतं. खंडेनवमीला बायकोने त्याची यथासांग पूजा केली होती. यंत्राला कपाळ नसतं, म्हणून कुंकू नाकाडावर लावलं. निघताना मी ते रुमालाने पुसलं. तीस वर्षं रंगांचं रसायनशास्त्र केलेल्या माणसाला एवढी सफाई पुरेशी वाटते.

विमानतळावर युसूफभाई आले होते. मूळचे रत्नागिरीचे, मस्कतमधल्या गाला या औद्योगिक भागातल्या एका ओमानी व्यापाऱ्याच्या पेढीचे व्यवस्थापक. त्या व्यापाऱ्याला ते अर्बाब (मालक) म्हणत. मला बोलावणं अर्बाबचंच होतं.

"साहेब, मामला नाजूक आहे हां," गाडी सुरू होताच ते म्हणाले.

दोन्ही बाजूंना उघडेबोडके तपकिरी डोंगर होते. झाड म्हणून जे दिसे ते नळीच्या पाण्यावर जगत होतं. मामला मात्र रंगीत होता. अर्बाबने युरोपातून रीतसर कागदपत्रांसह एका रोमन भित्तिचित्राचा तुकडा घेतला होता. ताटाएवढा गिलावा, लालभडक रंग आणि एका पक्ष्याची फक्त शेपटी. हा लाल म्हणजे हिंगूळ, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. रोमन काळात हिंगूळ बड्या घरच्या भिंतींवर लागे, बाकीचे गेरूवर भागवत. अर्बाबने तो तुकडा अभ्यासासाठी अल खौदच्या विद्यापीठात ठेवला आणि तिथे पीएच.डी. करणाऱ्या मरियमने तपासून सांगितलं, गेरू. अर्बाबला ते फार झोंबलं.

"तुम्ही हिंगूळ म्हणालात तर अर्बाब तुकडा घरी नेणार," युसूफभाई म्हणाले. "त्या पोरीचा अख्खा थिसिस त्याच्यावर आहे. मग तिचं खलास."

दुपारी शुवा (जमिनीतल्या भट्टीत रात्रभर शिजवलेलं मटण) इतका जेवलो की न्याय करण्यापेक्षा झोप घेणं बरं वाटत होतं.

प्रयोगशाळेत कहवा (वेलदोडा घातलेली कडू कॉफी) आणि हलवा आला. फिंजान (बिनकानाचा छोटा पेला) हलवून परत दिला नाही तर तो भरतच राहतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पोटात कहवा हिंदकळत असताना मी यंत्र तुकड्यावर टेकवलं. स्क्रीनवर पारा! हिंगुळात पाराच असतो, गेरूत लोह. अर्बाबचा चेहरा खुलला.

"लोहही दिसतंय," मरियम म्हणाली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मी खुर्चीत रेलून तिला समजावलं, की रोमन कारागीर गेरूचं अस्तर देऊन वर हिंगूळ चढवत. माहिती अगदी खरी होती. तिने मान खाली घातली. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

अर्बाब तुकडा बांधायला सांगत होते, तोच ती म्हणाली, "डॉक्टर, एकदा हा फिंजान तपासाल?"

"कशाला?"

"माझ्या समाधानासाठी."

फिंजानात पारा निघाला. टेबलातही निघाला. हलव्याच्या वाटीतही पारा निघाला, तेव्हा युसूफभाईंनी हातातला घास खाली ठेवला.

मला खंडेनवमीची पूजा आठवली. आमचं कुंकू सासूबाईंच्या गावाहून येतं. जुन्या पद्धतीचं, हिंगूळ घातलेलं, आणि ते भेसळीचं नाही याचा आम्हाला कोण अभिमान! त्याचे कण यंत्राच्या नाकावरच्या पातळ पडद्यात अडकून बसले होते. मी सगळं सांगितलं. पूजा म्हणजे काय हे समजावताना युसूफभाईंनी अरबीत बरीच भर घातली असावी, कारण अर्बाब पोट धरून हसले.

पडदा बदलून पुन्हा मोजलं. नुसतं लोह. गेरू.

"म्हणजे माझा रोमन गरीब होता?" अर्बाब म्हणाले.

"काटकसरी होता," मरियम म्हणाली.

अर्बाबने तुकडा तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "राहू दे इथेच. प्रबंध पूर्ण कर."

निरोप घेताना मी मरियमचं अभिनंदन केलं. तिने आभार मानले आणि विचारलं, "डॉक्टर, मी फिंजान पुढे केला नसता, तर तुम्ही स्वतः तपासलं असतं ना?"

"अर्थात," मी म्हणालो.

परतीच्या विमानात खाली समुद्र संपेना आणि मला झोप लागेना. पोरीने इतक्या विश्वासाने विचारलं होतं. मी तपासलं नसतं. तिला चुकीची ठरवून, अर्बाबबरोबर हलवा खाऊन, मी खुशाल घरी आलो असतो.